पाहुण्यांची पाहणी

पहाटे साडेचारच्या बसनं
फ्लोर्देलिसा अग्बायानी तुगेगराव सोडते.
मांडीवर आयोगाची फाइल, फाइलवर डबा,
डब्यात भात आणि कालचा मासा.
आयोगाला जीप मंजूर आहे.
ड्रायव्हर मंजूर व्हायचाय.

काम तसं सोपं : पाहुण्या सैन्याची पाहणी.
किती आले, कुठे उतरले,
तोफा किती वाजता सुरू, किती वाजता बंद,
कुणाचं काय मोडलं.
नमुना सात, तीन प्रतींत.
चौथी प्रत आजवर कुणी मागितली नाही,
तरी ती चौथी काढते,
शिलाई मशीनच्या खणात ठेवून देते.

किनाऱ्यालगतचं कुंपण नवं आहे.
मागच्या खेपेला इथे शहाळी विकणारी बसायची.
फाटकावरचा पोरगा इथलाच,
तिच्याच भाषेत बोलणारा, तिच्या भाच्याच्या वयाचा.
ओळखपत्र बघतो, उलटं करून बघतो,
आत फोन लावतो,
मग ओशाळं हसून
तिच्या गळ्यात एक बिल्ला अडकवतो.
बिल्ल्यावर लिहिलंय : पाहुणी.

ती काही बोलत नाही.
बिल्ला फिरवते, कोरी बाजू वर.

आतला लेफ्टनंट फारच सभ्य.
नाक उन्हानं सोललेलं,
थंड पाण्याची बाटली झाकण सैल करून देतो.
तीन तंबू दाखवतो.
चौथ्याकडे वळताना रस्ता संपतो.
ते गोदाम, म्हणतो.
काय आहे त्यात?
सामान.
ती लिहिते : "सामान".
अवतरणचिन्हांत लिहिते. तेवढा अधिकार
तिला कायद्यानं आहे.

दुपारी गावात, चर्चच्या पडवीत,
मामेर्तो दुमलाओ टोपी हातात घेऊन उभा.
बसा म्हटलं तरी उभाच.
अकरा दिवस समुद्र बंद होता.
लाल झेंडा, भोंगा, आणि क्षितिजापाशी
कुणी पत्रे ओढत न्यावेत तसा आवाज.
त्याच्या जाळ्यात एक केशरी पिंप आलं,
त्यात आता डुकराचं खाणं भिजतं.
"ते नका लिहू, परत मागतील."

रकाना पाच. नुकसान, किलोमध्ये.

"न पकडलेले मासे किती किलो भरतात, बाई?"
थट्टा नाही. त्याला खरंच बरोबर लिहायचंय.
"मागच्या वर्षी या दिवसांत किती मिळाले होते?"
"मागच्या वर्षी या दिवसांत तेच आले होते."
"त्याआधी?"
मामेर्तो बायकोकडे बघतो.
बायको बोटांवर वर्षं मोजू लागते,
एक हात संपतो.

माझ्या मुलखात म्हणतात,
तिसऱ्या दिवशीही राहिला
त्या पाहुण्याची अक्कल गेली.
पण पाहुणा दरसाल नव्यानं येत असेल,
दरसाल त्याचा पहिलाच दिवस असेल,
तर गेलेली अक्कल
कुणाच्या नावावर मांडायची?

फ्लोर्देलिसा "किलो" खोडते,
वर लिहिते : दिवस. अकरा.
तिला ठाऊक आहे, मनिलाहून कागद परत येईल,
लाल शाईत : एकक चुकीचे.
मागच्या वर्षीचाही तसाच आला होता.
तिनं तो पुन्हा तसाच पाठवला होता,
फक्त अक्षर थोडं मोठं काढून.

मामेर्तोची बायको तिला सुक्या माशांची पुडी देते.
नियमानं घेता येत नाही.
ती घेते, आणि डब्यात
जिथे भात होता तिथे ठेवते.

परतीच्या बसमध्ये अंधार पडल्यावर फोन वाजतो.
फाटकावरचा पोरगा, आवाज दबलेला :
"मावशी, एक बिल्ला कमी भरतोय.
इथे मोजणी फार कडक असते."

तिचा हात गळ्याशी जातो.
शेजारची म्हातारी झोपेत तिच्या खांद्यावर कललेली,
डब्यातून माशाचा वास येतोय.

"गोदामात बघ," ती म्हणते,
"सामानात असेल."