माय, चौथा सूर

बिश्केकमध्ये सात, लान्चौला नऊ.
आई दोर्दोय बाजारातून अजून परतलेली नाही.
तिच्या कंटेनरात तीनशे जोड चपला
आणि एक बिल, जे तिला वाचता येत नाही.
म्हणून मी शिकतेय.

पडद्यावर सतरा चौकोन.
सतराव्यात मी, सगळ्यांना सोडून मलाच बघणारी:
कपाळ केवढं, ओठ किती उशिरा हलतात.

आज दोनच शब्द.
माय म्हणजे विकत घेणं, आवाज खाली उतरून पुन्हा वर येतो.
माय म्हणजे विकणं, आवाज दगडासारखा पडतो.
एवढाच फरक, आणि एवढ्यावर
आमच्या घराचं भाडं चालतं.

"बेगिमाय," मू बाई म्हणतात, "तू सांग."
माझ्या नावाच्या शेपटीला तोच शब्द आहे
आणि त्याला कुठलाच सूर नाही.
बाई मात्र तो दर वेळी खाली पाडतात,
हाक मारता मारता मला विकून टाकतात.
हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

माइकवरची लाल रेघ काढायचीय.
बोट माउसवर, घसा कोरडा.
मागच्या मंगळवारी विकायचं ते मी विकत घेतलं
आणि कुणीतरी हसलं. किंवा खोकलं.
आठ दिवस तपासतेय, काय होतं ते.

मग मी जाझगुलने शिकवलेलं करते:
गोठते.
पापणी नाही, श्वास नाही, तोंड अर्धवट उघडं,
नेट गेल्यासारखं.
"बेगिमाय? ऐकू येतंय?"
येतंय, बाई. तेच तर.

पण पुढ्यातल्या चहाला कुणी सांगितलं नव्हतं.
वाफ वर जात राहिली
माझ्या मेलेल्या चौकोनात, आपल्या नादात.

बाई बघत राहिल्या.
मग त्याही गोठल्या.
पेन हवेत, मान तिरकी.
मध्ये अख्खा डोंगर, बंद सीमा,
आणि दोन बायका नेट नसल्याचं नाटक करतायत.
बाईंच्या मागे पडदा हलला,
त्याखालून दोन पिवळे छोटे मोजे चालत गेले.

मी हसले. हसण्याबरोबर श्वास सुटला,
श्वासाबरोबर शब्द.
कुठल्या सुरात, आठवत नाही.

रात्री आईने बिल पुढे सरकवलं. "हे काय लिहिलंय?"
कागदावर सूर लागत नाही.
दोन्ही शब्द सारखेच दिसतात,
फक्त विकण्याच्या डोक्यावर
बेरजेची एक छोटी खूण असते.
मी तिच्यावर बोट ठेवलं.
आई डोक्यावरचा रुमाल सोडत होती.