ताग

मंगळवारी रात्री नऊला
लॅपटॉपवर सहा चौकोन उजळतात.
एकात फक्त छत आणि ट्यूबलाइटचं टोक.
एकात कॅलमचं मांजर. कॅलम कधीच नाही.
एकात मी, मागे हीटरवर वाळत घातलेले स्क्रब्ज,
खिडकीत डंडी,
आणि टे नदीवर पुलाचे दिवे.

विद्यापीठाच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं:
रेझिलियन्स. आठ आठवडे. हजेरी ऐच्छिक.
मी शब्दकोशात पाहिलं. लवचीकपणा.
म्हणजे वेताची छडी, म्हणजे पायजम्याचं इलॅस्टिक.
आईला विचारलं.
आई इचलकरंजीची, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली,
अजून फोनवर ओरडूनच बोलते.
"अगं, तग धरणं म्हण की सरळ!"

आज बोलायची पाळी माझी.

बेड अकरा. जेसी पेट्री, वय एक्क्याण्णव.
पंधराव्या वर्षी तागाच्या गिरणीत गेली,
गिरणीनं तिचे कान घेतले
आणि बदल्यात ओठ वाचायला शिकवलं.
"मास्क खाली कर पोरी, तुझं तोंड वाचू दे."
मी केला. नियमात बसत नव्हतं.
तिनं सांगितलं, कोरडा ताग तटकन तुटतो,
आधी तेलपाणी पाजून मुरत ठेवावा लागतो,
घाई केली की दिवसभर गाठीच मारत बसायचं.
आईचा तग, जेसीचा ताग,
मध्ये एवढा एक काना.
मी हसले. ते हसू तिनं वाचलं असणार,
पण काय वाचलं ते विचारायचं राहून गेलं.

मग सुई.
एकदा चुकली. दुसऱ्यांदा चुकली.
तिच्या मनगटावर निळं पसरत गेलं,
टीपकागदावर शाई पसरावी तसं.
तिसऱ्यांदा रजिस्ट्रारनं माझ्या हातून सुई घेतली,
काही न बोलता. तेच जास्त लागलं.
जेसी माझ्या ओठांकडे बघत होती
आणि माझे ओठ थरथरत होते,
म्हणजे तिला सगळं ऐकू गेलं.

शुक्रवारी बेड अकरावर दुसरंच नाव.
मी टॉयलेटमध्ये सात मिनिटं बसले,
मग शिकवल्याप्रमाणे वीस सेकंद हात धुतले
आणि राउंडला गेले.

एवढं सगळं मी सांगून टाकलं,
नाक पुसलं, वर पाहिलं.
आयली हळूच म्हणाली,
"तू म्यूटवर होतीस गं.
थांबवावंसं वाटलं नाही.
पुन्हा सांगशील?"

दुसऱ्यांदा ते निम्म्यातच संपलं.
रजिस्ट्रार गळला, हात धुणं गळलं.
पण पहिल्यांदा जे म्यूटवरसुद्धा म्हणाले नव्हते
ते तोंडातून निघालं:
शुक्रवारी ते दुसरं नाव पाहिलं तेव्हा
सगळ्यात आधी मला हायसं वाटलं.
आता ती नस मला शोधावी लागणार नव्हती.

कोणी काही बोललं नाही.
आयलीनं "असं होतं" म्हटलं नाही,
"तुझी चूक नाही" म्हटलं नाही,
ती पेन खाली ठेवून नुसती बसली.
चॅटमध्ये फुन्मीनं लिहिलं, "मलाही. गेल्या महिन्यात."
मग पुसलं. मग पुन्हा लिहिलं.
आणि तिकडे मांजर उचललं गेलं,
मागे एक मुलगा, चष्मा, न विंचरलेले केस,
डोळे माझ्याइतकेच लाल.
पाच आठवड्यांत कॅलम पहिल्यांदा दिसला.

दहाला चौकोन एकेक करून विझले.
हीटर निवताना टकटक करतोय.
उद्या सातला वॉर्ड. उद्याही नसा असतील,
बारीक, पळपुट्या, म्हाताऱ्या,
आणि माझा हात लगेच काही सुधारणार नाही.

इचलकरंजीत आता उत्तररात्र.
आईला निरोप ठेवते: उठलीस की फोन कर.
आणि हो,
ओरडलीस तरी चालेल.