चार बोटांचं अंतर

तार्तू. फेब्रुवारी. नदी गोठलेली.
तळघरातल्या प्रयोगशाळेत मी बाबांच्या डोक्यावर
ओल्या तारांची टोपी चढवते.
"बाण दिसला की त्या बाजूचं बटण दाबायचं, लगेच.
पण मध्येच टुं वाजलं, तर नाही दाबायचं."
"लगेच, आणि नाही," बाबा म्हणतात,
"अगदी आईवर गेलीस."

हेल्दुर पुल्क, वय एकाहत्तर,
एकतीस वर्षं वाद्यवृंदात झांजा.

डावा. उजवा. उजवा. टुं.
बोट अधांतरी थरथरतं, राहतं.
डावा. टुं. दाबलं गेलं.
"च्च."

मेंदूत खोलवर, चवळीच्या दाण्याएवढी एक गाठ.
हुकूम मनगटाच्या वाटेला लागलेला असतो
आणि ही मागून सुटते, अनवाणी,
कधी त्याला गाठते,
कधी नुसती धाप.

"किती जमले?"
"निम्मे."
"बस?"
"सगळ्यांचे निम्मेच येतात, बाबा.
तुम्ही थांबायला सरावलात
की यंत्र टुं आणखी उशिरा वाजवतं."
ते हसतात. तारा हलतात, आलेखाची वाट लागते.

मग, मी न विचारता:
एकदा तालमीत एकशे बारा मात्रा मोजल्या,
हात फाकवले, आणलेच जवळ,
आणि संचालकाला शिंक आली.
झांजा थांबल्या चार बोटांवर.
आवाज नाही. मधली हवा तेवढी निसटली,
पुढे बसलेल्या व्हायोलावालीच्या
मानेवरचे केस उडाले.
तिने वळून पाहिलं.
"तेव्हा पहिल्यांदा."

मला दुसरी वेळ आठवते.
दारात आईची बॅग, बाहेर टॅक्सीचा धूर,
बाबांच्या जिभेवर "थांब" आलेला,
ओठ सुटायच्या बेतात,
आणि गाठ धावली.
नेमकी त्या दिवशी वेळेत पोचली.
तिला काय कळतं
काय अडवायचं, काय जाऊ द्यायचं.
मी जिन्यावर होते. नऊ वर्षांची.
त्यांचा गळा हललेला मी पाहिला.

आलेखात दाबलेल्या प्रत्येक बटणाला एक टिंब.
न दाबलेल्याला काही नाही,
कागदाचा पांढरा तेवढा.

टोपी उतरवते. बाबांचा हात
माझ्या गालाकडे येतो
आणि चार बोटांवर थांबतो.
टुं कुठेच वाजलेलं नसतं.

"केसांना काय चिकट लावलंयस हे," ते म्हणतात,
आणि टॉवेल मागतात.