साल सुटते आहे तोवर

तीतस, हे तुला बागेतच सांगायचं होतं.
देवळात तू येत नाहीस.
प्रभुभोजनाच्या रविवारी नेमका
फाटकाबाहेर गाडीवर बसून राहतोस,
इंजिन बंद, किल्ली बोटात फिरवत,
बायकोपोरीला न्यायला आलेला माणूस.

आत भाकर मोडतात
तेव्हा मला किल्लीचा आवाज येतो.

बावीस वर्षं मी बदनापूरच्या रोपवाटिकेत डोळे भरतो.
लोक हसतात या शब्दाला.
मलाही कधी कधी उच्चारता येत नाही तो.
जंभेरीच्या खुंटाला चीर द्यायची,
चाकूच्या पाठीनं साल उचलायची,
मोसंबीचा एक डोळा आत सरकवायचा,
पट्टी गुंडाळायची आणि हात काढून घ्यायचा.
खुंटानं काय केलेलं असतं त्यात?
उभा राहिला. चिरू दिलं.
रानटी, आंबट, काट्याचा,
आणि त्याच्या अंगात हा गोड डोळा, फुकट.

तुझंही तसंच झालं होतं.
इमारत फंडाचे अठ्ठावन्न हजार तू खाल्लेस.
सीलासकाकांनी वहीतलं पान फाडलं,
तुझ्यादेखत चार तुकडे केले, म्हणाले,
"झालं पोरा. जेवायला चल."
तू म्हणालास, "कामून? मी काय भिकारी हाय?
फेडीन. पै न् पै फेडीन."
आणि फेडलेस, तीतस. वाईट ते झालं.
पावतीसुद्धा मागून घेतलीस.
तेव्हापासून कुणाचं काही घेत नाहीस.
आई गेली त्या रात्री
शेजारून आलेलं पिठलंही तू परत धाडलंस.

तुला वाटतंय, मी नरकाची भीती घालायला आणलंय.
ते पाळकसाहेब बघतील.
मी फक्त चौथ्या ओळीतलं हे झाड दाखवतो.
किती हिरवं, बघ.
रस्त्यानं जाणारे याचंच कौतुक करतात.
पट्टीच्या खालून फूट आली होती,
मी मालकाला दोनदा सांगितलं, खुडा.
जोमदार दिसतेय, राहू द्या, म्हणाले.
खालच्या फुटीनं वरचीचं पाणी पिऊन टाकलं.
डोळा कुणी उपटला नाही.
मुळं भरल्या पाण्यात असताना
तो तहानेनं वाळला.

वीज पडली नाही. कीड लागली नाही.
झाड मेलं असतं तर मी रडून मोकळा झालो असतो.
पण ते वाढतंय, तीतस,
काटे बोटभर, पानं काळीभोर,
फांद्या वाकतील इतकी फळं, पिवळी, खडबडीत.
घे, चाख.
शेळी तोंड फिरवते याच्यावरून.

अजून एक ऐक, मग जा.
खुंटात रस वाहता असतो तोवर
चाकू लावला की साल सुटते,
भिजल्या शेंगदाण्याची सुटावी तशी.
रस आटला की ती लाकडाला चिकटते.
मग डोळा तोच, चाकू तोच, हात माझाच,
आणि ठेवायला जागा नाही.
बाहेरून काही कळत नाही.
झाड काल होतं तसंच दिसतं.

तुझी चिकटली का, मला माहीत नाही.
कालच्या रविवारी सुवार्तानं,
दृढीकरणानंतरच्या तिच्या पहिल्या प्रभुभोजनाला,
तो तुकडा खाल्ला नाही.
मुठीत लपवून बाहेर आणला,
आणि तुझ्यापुढे मूठ उघडली.
रीत नाही तशी. तिला मी रागावणार होतो.
तू "नको" म्हणालास, मान न वळवता,
आणि किल्ली लावायला गेलास.
पहिल्यांदा किल्ली भोकात गेली नाही.
दुसऱ्यांदाही नाही.

मी पायरीवर उभा होतो. मी पाहिलं.

चाकू आणि पट्ट्या पिशवीत आहेत माझ्या.
ऊन अजून चढलेलं नाही.
बस जरा.