सभासद क्रमांक एकशे चौदा

वर्गणी विजेच्या बिलाहून जास्त.
‘पियानो लावणाऱ्यांची कसली आलीय संघटना?’
मी म्हटलं. तरी एलादिओ गेलाच,
पायसांदूहून रात्रीच्या बसने, मोंतेविदेओला.

परतला तेव्हा पिशवीत बिल्ला,
हातोड्यांच्या नमद्यावर दहा टक्के सूट,
आणि एक नियमावली,
जी मी टेबलाच्या लंगड्या पायाखाली सारली.

मग माते ओतता ओतता म्हणाला,
जेवणाच्या सुट्टीत कुणी इर्मा
सहज विचारत होती,
‘वरच्या सात पट्ट्या तुम्हालाही ऐकू येईनाशा झाल्यात का?’
अकरा हात वर झाले.
बाराव्याला जरा वेळ लागला.
आता ती त्याला शिकवणार आहे
बोटांनी कंप मोजायला.

चार वर्षं किटलीची शिट्टी
मीच उठून बंद करतेय, न बोलता.
आज त्यानं पहिल्यांदा विचारलं,
‘वाजतेय का गं?’