एका काळजाची माणसं

अकरावा आठवडा.
दार्खानच्या दवाखान्यात नर्सनं दंडाला रबर बांधलं
आणि विचारलं, टॅटू? तुरुंग? सुया टोचून घ्यायचीस का कधी?
सगळ्यांना विचारावं लागतं, म्हणाली.
माझ्या आधीच्या बाईला विचारलं नव्हतं.
तिचा कोट चांगला होता.

नऊ दिवसांनी कागद आला.
हेपटायटिस, आणि पुढे एकच अक्षर,
चंद्रकोरीसारखं, एका बाजूनं उघडं.

बाळ?
शंभरांतल्या पाच-सहांनाच जातो, डॉक्टरीण म्हणाली,
गोळ्या नंतर, तू मोकळी झाल्यावर.
दूध पाजता येईल.
भांडी वेगळी करायची गरज नाही.

हे शेवटचं वाक्य घरी मी तीनदा सांगितलं,
एकदा नुसतं शेगडीला.

तरी संध्याकाळी माझ्या वाडग्याला लाल दोरा.
दुल्माबाईंची गाठ,
वासराच्या गळ्यातली असते तशी, न सुटणारी.
चहा तोच, दूध तेच, मीठही चिमटीभर,
फक्त ओतताना किटलीची चोच
काठापासून बोटभर वर धरलेली.

तुगुल्दुर कोळशाचा ट्रक घेऊन सीमेवर.
फोनवर म्हणाला, कुणाला बोलू नकोस.
मग बराच वेळ नुसता रस्ता ऐकू आला.

आमच्याकडे रक्ताच्या नात्याला
एका काळजाची माणसं म्हणतात.
हे काळीज कवितेतलं नव्हे, खाटकाकडचं,
गडद, गुळगुळीत, उजव्या बरगडीखालचं.
त्यात हा कधीचा येऊन बसलाय?
दात काढला तेव्हा?
शाळेत रांग लावून टोचलं तेव्हा, त्या एकाच पातेल्यातल्या सुईनं?
की जन्मतानाच, आईकडून?

आईला विचारायला आई नाही.
शेवटी शेवटी तिचंही पोट वाढलं होतं,
आत कुणी नसताना.
बायका तेव्हाही कुजबुजत होत्या.
मी नऊ वर्षांची,
मला वाटलं होतं भाऊ येणार.

मग घरातल्या सगळ्यांना तपासणीचं बोलावणं आलं.
मला काय धाड भरलीय, दुल्माबाई म्हणाल्या.
दुसऱ्यांदाही तेच.
तिसऱ्यांदा गेल्या, कुणाला न सांगता,
उणे तीसच्या थंडीत, पायी.

निकालाच्या दिवशी परतल्या त्या
हातमोजे न काढताच बसल्या.
मी चहा ओतला.
विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.
उठून दोऱ्यांचा डबा उघडला,
लाल रीळ संपलेलं.
रिकामं रीळ उगाच बोटांत फिरवत राहिल्या.

मग माझा वाडगा ओढला जवळ,
गाठ दातांत धरली.
सुटेना.
ओठांनी काठ ओला झाला,
त्यांच्या लक्षात आलं असावं, थांबल्या नाहीत.

बघत काय बसलीस, म्हणाल्या,
कात्री आण.