साडीमागे दहा

साडीमागे दहा रुपये, असं ठरलं दिवाळीच्या आधी.
फॉल-पिकोचे नव्वद मिळतात मानेवाड्यात.
धंतोलीत म्हणे दीडशे घेतात,
पण तिथे मशीनलाही एसी असतो.
नव्वदातले दहा शेवयांच्या डब्यात,
डबा सगळ्यात वरच्या फळीवर,
जिथे माझा हात स्टुलावर चढल्याशिवाय पोचत नाही.
काढायचं मन झालंच
तर आधी गुडघे विचारतात, काहून?

हे ई-रिक्षा चालवतात, स्टेशन ते बर्डी.
दिवसभर दुसऱ्यांच्या बॅगा उचलतात,
त्यांच्यावरचे टॅग वाचतात,
रात्री जेवताना सांगतात मला:
आज एक गोवा होता, दोन डेहराडून.
एकदा झिरो माइलपाशी सवारी मिळेना, बसले पाहत.
घरी येऊन म्हणाले, त्या दगडावर गावांची नावं आहेत, मैल आहेत,
समुद्राचं नाव नाही.
मी म्हटलं, त्याचं काय लिहितील,
तो आपल्याला चारी बाजूंनी सारखाच लांब.
मृणाली वहीतून डोकं वर न काढता म्हणाली,
मग कोणताही चालते न, बाबा.

तिनेच पुरी ठरवली.
चौघांचं स्लीपर, जाऊन-येऊन,
तीन रात्रींची धर्मशाळा,
आणि खाली, वेगळ्या शाईनं, "आईचा वरखर्च",
तो तिकिटापेक्षा मोठा.

यांनी सकाळचे तर्री-पोहे सोडले.
म्हणजे पोहे सोडले.
तर्री अजून पितात, वासनिकच्या प्लेटीतली.
रविवारचं सावजी दोनदा टाळलं,
तिसऱ्या रविवारी मीच म्हटलं,
जाऊ द्या समुद्र, आणा अर्धा किलो.

फेब्रुवारीत एकाच लग्नघरच्या बावीस साड्या आल्या.
रात्री दीडपर्यंत मशीन,
डोळ्यांपुढे जरीचे काठ, झोपेतही.
डबा इतका भरला
की हलवला तरी वाजेना.

एप्रिलच्या अठ्ठावीसला कूलरचा पंप जळला.
पंप पाहायला गेले तर मोटरही गेलेली,
ताट्या तर मागच्याच वर्षी कुजल्या होत्या.
बाहेर पंचेचाळीस,
तन्मय फरशीवर ओला पंचा अंगावर घेऊन पडलेला.
मी स्टुलावर चढले.
गुडघ्यांनी काही विचारलं नाही.

त्या रात्री घरभर वाळ्याचा वास,
पाणी वरून खाली, वरून खाली.
तन्मय म्हणाला, आई,
समुद्र असाच वाजत असंन का?
मला काय माहीत बाप्पा, मी म्हटलं,
झोप आता.

उरलं त्यात चिखलदरा बसत होता.
सप्टेंबरात, मंगळवारी,
कारण मंगळवारी खोली अर्ध्या भावात,
आणि एसटीत माझं नि पोरीचं तिकीटही अर्धं.
परतवाड्याला गाडी बदलायची होती.
यांनी बॅग खांद्यावर टाकली, सवयीनं,
चार पावलं गेले आणि मागे वळून पाहिलं,
सवारी येते की नाही.
मग हसले. मी आधीच हसत होते.

पॉइंटवर नुसतं धुकं.
पुढे दरी आहे म्हणे, कठड्यापासून लगेच.
मला माझी चप्पल दिसत नव्हती.
अर्ध्या भावात एवढंच दाखवतात, मृणाली म्हणाली.
तन्मयनं हाक मारली, स्वतःचंच नाव,
ते कुठेतरी खाली गेलं
आणि बऱ्याच वेळानं, ओलं होऊन, परत आलं.
मग आम्ही चौघांनी पाळीपाळीनं नावं पाठवली.
माझंही. कुंदा.
इतक्या मोठ्यानं मला कोणी हाक मारली नव्हती.
कणसं खाल्ली, पुन्हा नावं पाठवली,
चहाचे पैसे दुप्पट घेतले त्यानं,
देऊन टाकले.

बॅग आता कपाटावर आहे.
तिला एक टॅग लोंबतो,
फॉलच्या गठ्ठ्यातला पुठ्ठा कापून यांनी निघायच्या आदल्या रात्री केलेला:
झाडे, नागपूर.
काढू का म्हटलं तर म्हणतात,
राहू दे न, तुला काय खाते?